रातराणीची रांगोळी

सदर : ड्यूटीनंतर

*नमस्कार मॅडम,*

*मी २६ वर्षांची आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दीड वर्षापासून स्टाफ नर्स आहे. सर्जिकल वॉर्ड, ३२ खाटा. रात्री आम्ही दोघी, नशीब असेल तर तिघी, आणि एक मावशी.*

*नाइट करणाऱ्या सहा जणींचा आमचा कंपू आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'रातराणी'. सगळ्यांत सीनियर सिस्टरना आम्ही अक्का म्हणतो. कामाला वाघीण. शिरा बसलेल्या म्हातारीच्या हातात पहिल्या फटक्यात व्हेनफ्लॉन (सलाइनची सुई-नळी) घालतात. रेसिडेंट डॉक्टरसुद्धा अडलं की अक्कांना शोधत येतात.*

*पण बीपी, नाडी, श्वास दर दोन तासांनी बघायचे असतात, ते आम्ही बघत नाही. पहाटे पाचला बसून सगळे चार्ट एकदम भरतो. त्याला 'रांगोळी' म्हणतात. इन्सुलिन, पोटॅशियमसाठी दोघींनी तपासून दोन सह्या करायच्या असतात. दुसरी सही मागितली की 'आण गं इकडे' म्हणून करून टाकतात. दर पेशंटनंतर हात स्वच्छ करणारीला 'सोवळी' म्हणतात. पहिले तीन महिने मी सोवळी होते. मग एका रात्री मीही रांगोळी भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अक्कांनी स्वतःच्या डब्यातली कटाची आमटी वाढली. खरं सांगते, त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी या वॉर्डातली आहे.*

*गेल्या महिन्यात चार नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं. मी त्यांचं दोनचं आणि चारचं बीपी १२०/८० लिहिलं. साडेपाचला मावशीनं हाक मारली. आजोबा गार पडलेले, घामानं भिजलेले, वरचं बीपी ८० च्याही खाली. पोटात रक्तस्राव. परत ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नेलं, वाचले, बाराव्या दिवशी चालत घरी गेले. सगळे म्हणाले, अचानक झालं. अचानक झालं की नाही ते मला माहीतच नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.*

*मेट्रनना (नर्सिंगच्या प्रमुखांना) सांगू का? बदली मागू? की सगळ्या करतात तसं करत राहू? आणि तो ग्रुप सोडू का?*

*– एक माजी सोवळी (नाव छापू नका)*

प्रिय मुली,

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा कटाच्या आमटीपाशी थांबले. अशी पत्रं मला बरीच येतात आणि बहुतेकींच्या पत्रात बाकीच्या वाईट असतात, आपण तेवढ्या चांगल्या असतो. आपल्याला आत घेतलं तेव्हा किती बरं वाटलं, ते कुणी लिहीत नाही. तू लिहिलंस, म्हणून तुला नुसतं 'वरिष्ठांना कळवा' असं दोन ओळींचं उत्तर देऊन चालणार नाही.

पण आधी जे आजच्या नाइटलाच करायचं आहे ते सांगते. दुसरी सही बंद. म्हणजे तू न बघता करतेस ती. रांगोळीबद्दल आपण बोलू, तिला आठवडे लागतील, पोटॅशियमला तेवढा धीर नाही. केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, अँप्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) आणि साध्या स्टराइल वॉटरची अँप्यूल रात्री तीनला, डोळे चुरचुरत असताना, एकसारखी दिसते. ते केसीएल पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. तिथे चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. म्हणून सही मागितली की हसत म्हणायचं, 'अँप्यूल दाखवा, लगेच करते.' प्रवचन द्यायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. हात पुढे करायचा. दहा सेकंदांचं काम आहे. पहिल्या दोन रात्री टोमणे मिळतील, तिसऱ्या रात्री अँप्यूल आपोआप हातात येईल, कारण वाद घालण्यापेक्षा ती दाखवणं सोपं पडतं.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर सदरात लिहिली नव्हती.

१९८६ साल. सरकारी हॉस्पिटल, बाळंतिणींचा वॉर्ड. खाटा ४०, खाली जमिनीवर आणखी दहा-बारा. थर्मामीटर तीन. काचेचे, पाऱ्याचे. फुटला की ब्रेकेज पगारातून कापून जायचं, त्यामुळे इनचार्ज सिस्टर ते कुलपात ठेवायच्या. मग ताप कसा बघायचा? हातानं. उलटा हात कपाळावर, मग मानेखाली. खोटं नाही सांगत, आमचा हात तयार झाला होता. शंभरच्या वरचा ताप बहुतेक वेळा हाताला कळायचा. बाकीच्यांना चार्टवर ९८.४. आम्ही स्वतःला 'हातवाल्या' म्हणवून घ्यायचो. एखादी नवी मुलगी थर्मामीटर मागायला गेली की आमच्यातली सगळ्यांत थोरली विचारायची, 'काय गं, भातुकली मांडायचीय का?' आम्ही खिदळायचो. ती मुलगी महिन्याभरात हातवाली व्हायची.

पुढे स्टोअरमधून दोन डझन थर्मामीटरचा खोका आला. इनचार्ज बाईंनी सांगितलं, ब्रेकेजचं मी बघते, वापरा. कपाटाला कुलूपही राहिलं नाही. तो खोका सात महिने तसाच पडून होता.

या सात महिन्यांकडे नीट बघ, कारण तुझ्या रातराणीचं उत्तर तिथे आहे. थर्मामीटर नव्हते तोवर आमचं वागणं ही अडचणीतली तोड होती. ते आल्यावर ती तोड राहिली नाही, पण तोवर तिचं आमच्या नावात रूपांतर झालं होतं. थर्मामीटर हातात घेतला असता तर इतकी वर्षं आपण जे मिरवलं ते फक्त गरिबीतून आलं होतं, असं कबूल करावं लागलं असतं. तेवढं कबूल करण्यापेक्षा आम्ही कपाळं चाचपत राहिलो.

मग एका रात्री मला स्वतःलाच ताप होता. रजा मागायची सोय नव्हती, दुसरी नर्स नव्हती. माझा हात तापलेला, त्यामुळे हाताला लागणारं प्रत्येक कपाळ गार. तिसऱ्या दिवसाची एक बाळंतीण होती. मी तिच्यापुढे ९८.४ लिहिलं. सकाळी राउंडला सरांनी मुद्दाम थर्मामीटर मागवला, तर १०३. बाळंतरोगाचा ताप. बाई वाचली. पण तीन आठवडे वॉर्डात राहिली आणि तिचं तान्हं आजीकडे वरच्या दुधावर. माझ्या अक्षरातला तो नऊचा आकडा मला अजून दिसतो.

तेव्हा चार नंबरच्या आजोबांबद्दल तू मला काय सांगते आहेस ते मला कळतंय. दिलासा देत नाही, नुसतं कळतंय एवढंच सांगते.

आता तुमच्या कंपूबद्दल. लोकांना वाटतं, नियम मोडणारा गट म्हणजे आळशी माणसांचा गट. तुझ्याच पत्रावरून दिसतं की असं नाही. आळशी माणसांचा गट बनतच नाही, ती आपापल्या कोपऱ्यात झोपतात. गट बनतो तो राबणाऱ्यांचा. बत्तीस खाटा, दोन नर्स, एकीला ओटीतून पेशंट आणायला जावं लागलं की वॉर्डात एकच उरते. अशा रात्री एकमेकींना सांभाळून काढल्या की जी जवळीक तयार होते ती नणंदा-जावांतही होत नाही. मग सकाळी कुणीतरी खालून येतं, इस्त्रीचा कोट, हातात फाइल, आणि विचारतं, 'सहाची नोंद दिसत नाही?' रात्रभर काय झालं हे कुणी विचारत नाही, चौकोन भरला का एवढंच विचारतात. त्या घडीला 'आपण' आणि 'ते' अशी फाळणी होते. आपण कामाच्या, ते कागदाचे. आणि गंमत म्हणजे नर्सिंग कॉलेजात शिकलेलं सगळं, हात धुणं, दोन सह्या, नाडी मोजणं, हे त्या फाळणीत 'त्यांच्या' बाजूला जाऊन पडतं. आपल्याच पेशाचं घरचं सामान शेजाऱ्याच्या अंगणात.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजू नकोस. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता. तिथे १९३१-३२ मध्ये १४ कामगारांना एका खोलीत बसवून, शेजारी निरीक्षक ठेवून, ते कसं काम करतात याचा अभ्यास झाला. जास्त काम तर जास्त पैसे अशी पद्धत होती. तरी त्या मंडळींनी आपसांत ठरवून टाकलं होतं की दिवसाला दोन संच, त्याहून जास्त नाही. कुणी हात जोरात चालवला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा मारायचा. त्या गुद्द्याला त्यांनी नावही ठेवलं होतं, 'बिंगिंग'. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुणाचं काम एखाद्या दिवशी जास्त व्हायचं, एखाद्या दिवशी कमी, पण कामगार रोजचा आकडा सांगताना तो सारखा करून सांगायचे. कागदावर सरळ रेघ. ओळखीचं वाटतं ना? १२०/८०, १२०/८०, १२०/८०. श्वास २०. (श्वास नेहमी २० किंवा १८ च का असतो, हे कुठल्याही वॉर्डातली कुठलीही नर्स सांगेल. मोजायला पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं म्हणून.) तुला गुद्दा मारला नाही, सोवळी म्हटलं, एवढाच फरक.

आणि आणखी एक फरक, तोही सांगितला पाहिजे. हॉथॉर्नच्या सरळ रेघेमुळे मालकाला थोडे कमी संच मिळाले. तुमच्या सरळ रेघेच्या खाली माणूस झोपलेला आहे. ऑपरेशननंतर पोटात हळूहळू रक्त साचतं तेव्हा बीपी बराच वेळ तग धरतं, आधी नाडी वाढते. ८४, ९६, ११०. मग बीपी ११८, ११०, १०२. यातला एकेक आकडा सुटा बघितला तर कुणी डॉक्टरला उठवणार नाही. उतार दिसतो तेव्हा उठवतात. आजोबांच्या चार्टवर उतार नव्हता, कडा होता. म्हणून सगळे म्हणाले, अचानक झालं.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. रातराणीला वाटतं की रांगोळी भरून आपण मॅनेजमेंटला उल्लू बनवतो. पोरी, उलट आहे. पहाटे पाचला तुम्ही जो चार्ट भरता तो मॅनेजमेंटच्या सगळ्यांत सोयीचा कागद आहे. उद्या कुणी म्हणालं, रात्री दोन नर्स पुरत नाहीत, तर ऑफिसातून फाइल उघडून दाखवतील: पुरतात की, बघा, ३२ पेशंट, दर दोन तासांनी, एकही चौकोन रिकामा नाही! तुमच्याकडे रात्री चौथी नर्स कधीच येणार नाही, कारण कागदावर तुम्ही दोघींनी सहा जणींचं काम केलेलं आहे. बंडखोरी म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी फुकटच्या राबणुकीची पावती होते. हातवाल्यांचंही तेच झालं होतं. तीन थर्मामीटरवर ४० बायकांचे चार्ट दोन वर्षं भरलेले दिसत होते, मग स्टोअरवाल्यांनी नवे का द्यावेत?

चार्ट कुणाचा असतो, हेच आपण विसरतो. आपल्या पेशात नोंदीचा आग्रह कुठल्या मॅनेजरनं आणलेला नाही. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं आपण दिवा घेतलेलं चित्र तेवढं लक्षात ठेवतो. लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंग कॉलेजातल्या दिवे लावायच्या समारंभात, जी शपथ घेतो ती तर त्यांनी लिहिलेलीही नाही, ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. बाई मुळात आकड्यांच्या. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, तेव्हा मेले किती याच्या नोंदीसुद्धा धड नव्हत्या. परत आल्यावर त्यांनी आकडे जमवून, त्यांची चित्रं काढून लंडनच्या लष्करी अधिकाऱ्यांपुढे मांडली: सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, तुमच्या घाणीनं मेले. वरच्यांविरुद्ध नर्सच्या हातातलं हत्यार म्हणजे खरी नोंद. रातराणीनं ते हत्यार स्वतःहून वरच्यांच्या हाती दिलंय, वर रांगोळी काढून.

हा मुद्दा तू अक्कांना सांगायचा आहेस. कंपूला नाही, अक्कांना, आणि एकटीनं. हँडओव्हरच्या वेळी नाही, मावशी ऐकत असताना नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. ड्यूटी सुटल्यावर, एसटी स्टँडपर्यंत चालत जाताना वगैरे. सुरुवात आजोबांपासून कर. 'अक्का, चार नंबरचे दोनचे आणि चारचे आकडे मी न बघता लिहिले होते. झोप लागत नाही.' एवढं म्हण आणि गप्प बस. पुढचं त्या बोलतील. बहुधा त्या तुला त्यांच्या कुठल्यातरी चार नंबरची गोष्ट सांगतील. २० वर्षं नाइट केलेल्या बाईकडे ती नसणं शक्य नाही. वाघीण असली तरी तिलाही एखादा नऊचा आकडा दिसत असणार.

मी अक्कांवर एवढा भरवसा का ठेवते? आमचा खोका कुणी उघडला माहीत आहे? त्या बाळंतिणीनंतर इनचार्ज बाईंनी नाही, सरांनी नाही. भातुकलीवाल्या थोरलीनं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, खोका काढला, एकेक थर्मामीटर झटकून पारा खाली आणला आणि आम्हा प्रत्येकीच्या हातात ठेवला. 'हं. हा तुझा.' भाषण नाही, कुणाला दोष नाही. आठवड्याभरात थर्मामीटर न वापरणारी मुलगी गावंढळ ठरायला लागली. कंपू तोच, खिदळणंही तेच, फक्त टिंगलीची दिशा फिरली. ते काम मी करू शकले नसते, कारण माझं वजन नव्हतं. तुझंही अजून नाही. अक्कांचं आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात असंच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या शंभरावर आयसीयूंमध्ये २००४ च्या सुमारास सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) होणारं इन्फेक्शन कमी करायची मोहीम झाली. पाचच साध्या गोष्टी: हात धुणं, कातडी नीट साफ करणं, पेशंटला पूर्ण झाकून घेणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, नको असलेली नळी लवकर काढणं. आणि डॉक्टरनं एखादी गोष्ट गाळली तर नर्सनं त्याला थांबवायचं, ही मुभा. इन्फेक्शन इतकं उतरलं की निम्म्याहून जास्त आयसीयूंमध्ये ते शून्यावर आलं. सगळ्या जगानं ती यादी उचलली आणि भिंतीवर चिकटवली. पुढे अभ्यासकांनी पुन्हा खोदून पाहिलं तेव्हा म्हणाले, कागदाच्या यादीनं एकटीनं हे केलेलं नाही. 'आमचे पेशंट फार आजारी असतात, थोडं इन्फेक्शन होणारच' हे ज्या टीमा मिरवायच्या, त्यांनाच ते लाजिरवाणं वाटायला लागलं, शेजारच्या हॉस्पिटलचे आकडे दिसायला लागले, ही खरी गोष्ट. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. तुमच्या भिंतीवरही हात धुण्याचं पोस्टर असेलच. त्याच्याखाली उभं राहूनच तुला सोवळी म्हणत असतील.

सोवळी हा शब्द मात्र मला आवडला नाही, आणि त्याचं कारण तुला वाटतं ते नाही. सोवळं म्हणजे दुसऱ्यापासून स्वतःला जपणं. पेशंटनंतर हात स्वच्छ करणं म्हणजे आपल्या हातापासून पुढच्याला जपणं. एकदम उलट. हे अक्कांना विनोदानं ऐकव, त्यांना पटेल.

आता कामाचं. ३२ जणांचं दोन-दोन तासांनी सगळं बघणं दोघींना जमणारच नाही, आणि जमत नाही हे माहीत असलेला नियम पाळायला सांगणं म्हणजे खोटं लिहायला सांगणं. तुमचा कंपू इथे बरोबर आहे, हे तू मोकळेपणानं मान्य कर. मग रात्री नवाच्या राउंडला रेसिडेंट डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं: कुणाचं दोन तासांनी, कुणाचं चार तासांनी, कुणाला रात्री उठवायचंच नाही. हर्नियाच्या पाचव्या दिवसाच्या, डाराडूर झोपलेल्या माणसाला दोनला बीपीचा पट्टा बांधून काय मिळतं? खरे जपायचे पेशंट सहा-सात निघतील. ऑर्डर लिहिलेली असली की बाकीचे चौकोन रिकामे राहिले तरी बोलणी बसत नाहीत. त्या सहा-सातांचं मात्र खरं बघायचं, खऱ्या वेळेसकट. दोनचं अडीचला घेतलं तर २.३० लिहायचं. राहिलं तर चौकोन मोकळा सोडायचा आणि नर्सेस नोटमध्ये एक ओळ: '२ ते ४ ओटीत पेशंट आणायला, वॉर्डात एकच नर्स.' बस. महिनाभर असे मोकळे चौकोन साठले की अक्कांकडे मेट्रनपुढे ठेवायला काहीतरी असेल. बीपी घेताना मनगटही धर. मशीन नाडी दाखवतं, पण हात गार आहे, ओला आहे, हे मशीन सांगत नाही. हे हातवालीचं म्हणणं आहे, तेवढं मान.

मेट्रनकडे आत्ता जाऊ नकोस. म्हणजे नावं घेऊन, 'त्या असं करतात' म्हणून जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांत मृत्यू जास्त होत होते. स्टीफन बोल्सिन नावाचा भूल देणारा डॉक्टर १९८८ मध्ये तिथे आला, त्याच्या लक्षात आलं, त्यानं मोजायला सुरुवात केली, वरती सांगत राहिला. वर्षं गेली. शेवटी तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. २००१ मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. अहवालात तिथल्या कारभाराला 'क्लब कल्चर' म्हटलंय, म्हणजे आतले आणि बाहेरचे. चार वर्षांत साधारण ३० ते ३५ बाळं जास्तीची गेली असा अंदाज त्या अहवालात आहे. तो माणूस बरोबर होता, त्यानं केलं ते केलंच पाहिजे होतं. पण एकट्यानं बोलणाऱ्याचं कंपू काय करतो तेही त्यात दिसतं. तुझ्याकडे अजून घरातलं दार उघडं आहे, आधी ते वापर. सहा आठवडे दे. सहा आठवड्यांनी अक्कांनी 'गप बस' म्हटलेलं असेल आणि पोटॅशियमच्या सह्या तशाच चालू असतील, तर मेट्रनकडे जायचं, लेखी, तारीख-वेळ-औषधासकट. कोण कुणाची मैत्रीण, कोण कुणाला हसलं, यातलं काही लिहायचं नाही. मधल्या काळात कुणाला इजा झाली तर मात्र सहा आठवडे वगैरे काही नाही, त्याच सकाळी.

बदली नको. दुसऱ्या वॉर्डात दुसरी रांगोळी असेल, नाव वेगळं.

राहिले आजोबा. जुना चार्ट आता हातात धरू नकोस. खाडाखोड नाही, 'लेट एंट्री' (मागाहून केलेली नोंद) नाही. झालेलं खोटं तसंच राहू दे, त्यावर दुसरं चढवू नकोस. अक्कांशी बोलून झालं की इनचार्ज सिस्टरकडे जा आणि इन्सिडेंट फॉर्म भर: अमुक तारखेला दोन आणि चारच्या नोंदी प्रत्यक्ष न बघता मी केल्या. स्वतःपुरतं. का भरायचा? कारण त्या सर्जनला अजून वाटतंय की त्याच्या पेशंटला पहाटे साडेपाचला एकदम रक्तस्राव झाला. पुढच्या तशा पेशंटबद्दल तो याच समजुतीवर निर्णय घेणार आहे. तुझी टोचणी जावी म्हणून फॉर्म भरू नकोस, ती फॉर्मनं जात नाही. मेमो (लेखी ताकीद) मिळेल, हे गृहीत धर. मला नोकरीत दोन मिळाले. एक त्या ९८.४ चा. दोन्ही अजून फाइलमध्ये आहेत, पेन्शन वेळेवर येतं.

आणि रातराणी ग्रुप सोडू नकोस. ग्रुप सोडलास की तू खालच्या इस्त्रीच्या कोटात गेलीस, मग तुझं 'अँप्यूल दाखवा'ही कुणी ऐकणार नाही. गुड मॉर्निंगची फुलं येऊ देत, ड्यूटी चार्टवरची रडारड येऊ दे, कुणाच्या भाचीच्या बारशाचे फोटो येऊ देत. पुढच्या नाइटला डबा तू ने. कटाची आमटी तुला अक्कांसारखी जमणार नाही, तेव्हा दुसरं काहीतरी कर. आणि त्यांना म्हण, त्या बसलेल्या शिरेत व्हेनफ्लॉन घालायला मला शिकवा.

तुझी,
सदरवाली सिस्टर